डिस्पॅचरची नोकरी: पक्की किती आणि पुढे नेणारी किती?

"पक्की हाय का थे?" पोराला किंवा पोरीला खासगी नोकरी लागली की यवतमाळ-वाशीमकडच्या घरांत पहिला प्रश्न हा येतो. पगार किती, हे त्यानंतर. या प्रश्नाला मागासलेपणा म्हणून हसणारे लोक मला पटत नाहीत. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न सोयाबीन-कापसाच्या भावावर आणि पावसाच्या मर्जीवर ठरतं, त्या घराला दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारे पैसे किती मोलाचे असतात, ते त्याच घराला माहीत असतं. पण विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात जाऊ पाहणाऱ्यांना एवढा एक प्रश्न पुरत नाही. कंपनी टिकेल का, कंपनीत आपली जागा टिकेल का आणि कंपनी गेली तरी आपल्या हातातलं काम टिकेल का, हे तिन्ही वेगवेगळं तपासावं लागतं.

आधी काम काय असतं ते पाहू, कारण आपल्याकडे विमानाची नोकरी म्हटलं की पायलट, एअर होस्टेस आणि फार तर विमानतळावरचा काउंटर एवढंच डोळ्यांपुढे येतं.

नागपूरहून मुंबईला जाणारं विमान कोणत्या मार्गाने जाईल, किती उंचीवरून उडेल, किती इंधन घेईल आणि मुंबईत उतरता आलं नाही तर कुठे वळेल, हे सगळं कॅप्टन विमानात पाय ठेवण्याआधीच मांडून झालेलं असतं. ते मांडणारा माणूस म्हणजे फ्लाइट डिस्पॅचर. प्रवाशाला तो कधीच दिसत नाही. इंडिगो आणि एअर इंडिया या आपल्या दोन मोठ्या कंपन्यांचं हे काम गुरुग्रामच्या ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमधून, म्हणजे ओसीसीमधून चालतं. विमान उडाल्यावरही डिस्पॅचरची नजर त्याच्यावर असते. पुढे ढग उभे राहिले, मुंबईची धावपट्टी बंद झाली, तर तो कॅप्टनला कळवतो.

इंधनाचा हिशेब घ्या. जमिनीवर फिरायला लागणारं, प्रवासाला लागणारं, अंदाज हुकला तर हाताशी असावं म्हणून प्रवासाच्या साधारण पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत पोचवणारं, आणि त्यावर अर्धा तास आकाशात घिरट्या घालता येतील एवढं शेवटचं राखीव. ए-३२० सारखं विमान तासाला अडीच टनांच्या आसपास इंधन जाळतं. मग टाकी काठोकाठ का भरू नये? कारण जादा इंधन वाहून न्यायलाही इंधनच लागतं. त्या जादा वजनाच्या तीन-चार टक्के दर तासाला नुसते वाहण्यात जळून जातात. शिवाय वजनाला मर्यादा असते आणि आपल्या उन्हाळ्यात ती आणखी आवळते. नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची आहे, तिथे बहुतेक वेळा निभावतं. अमरावतीला बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची. एप्रिल २०२५ मध्ये तिथून मुंबईची सेवा सुरू झाली ती एटीआर या पंख्याच्या लहान विमानाने.

हे झालं रोजचं. खरी कसोटी वेगळ्या दिवशी लागते. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांचे मार्ग तातडीने नव्याने आखावे लागले. एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना आणि कोपनहेगनला इंधनासाठी थांबावं लागलं. ताश्कंद आणि अल्माटी ही शहरं इंडिगोच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली आणि ती सेवाच थांबवावी लागली. हे हिशेब बसवणाऱ्या लोकांचं नाव बातमीत येत नाही, पण मला हे काम फार मोलाचं वाटतं. भूगोल, गणित आणि हवामान यांची आवड असलेल्या खेड्यातल्या पोरांनी इकडे जरूर पाहावं.

मान्यता कुणाच्या हातात असते

इथे बरेच पालक फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. भारतात डिस्पॅचर म्हणून काम करायला डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संचालनालयाची, मान्यता लागते आणि तिचा रस्ता विमान कंपनीतून जातो. आधी कंपनी तुम्हाला घेते, वर्गात शिकवते, अनुभवी माणसाच्या शेजारी बसवते, कॉकपिटमधून उड्डाण दाखवते, आणि मग परीक्षा होऊन ठरावीक विमानप्रकारासाठी मान्यता मिळते. एखाद्या संस्थेने लाख-दीड लाख घेऊन दिलेलं 'डिस्पॅचर'चं प्रमाणपत्र म्हणजे नोकरीही नव्हे आणि मान्यताही नव्हे. त्या शिकवणीने मुलाखतीला मदत होईल, नाही असं नाही. पण वावर गहाण ठेवून ती फी भरू नका.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. तिथे किमान २०० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा झाली की सरकार प्रमाणपत्र देतं, त्यासाठी वय २३ लागतं, आणि कंपनी बदलली तरी ते माणसाजवळच राहतं. उड्डाणाच्या सुरक्षेची जबाबदारीही तिथे कायद्याने कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांवर मिळून असते. मात्र तिथल्या कंपन्यांत ज्येष्ठता यादी चालते. कोणती शिफ्ट, कोणती सुट्टी, कपात झाली तर आधी कोण घरी जाणार, सगळं त्या यादीतल्या क्रमांकावर ठरतं. कंपनी सोडली की नव्या कंपनीत यादीच्या तळापासून सुरुवात. त्यामुळे लहान कंपनीत दहा वर्षं काढलेला माणूस मोठ्या कंपनीची संधी आली तरी रात्र रात्र विचार करतो. इंटरनेटवर या विषयावर जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक या लोकांचे असतात. आपल्या खासगी कंपन्यांत पगार आणि पद बऱ्याच अंशी बोलणीतून ठरतं, तेव्हा 'सोडलं की सगळं गेलं' हा त्यांचा धाक आपल्याला जशाचा तसा लागू होत नाही.

आपल्याला लागू होणारी गोष्ट दुसरीच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांनुसार सलग १२ महिने या कामापासून दूर राहिलेल्या डिस्पॅचरला पात्रता पुन्हा सिद्ध केल्याशिवाय कामावर बसवू नये. म्हणजे हे कौशल्य वापरात राहिलं तरच जिवंत राहतं. नोकरी गेल्यावर वर्षभर गावी बसून चांगल्या संधीची वाट पाहणं इथे महागात पडतं. मुलींच्या घरच्यांसाठी एक सांगून ठेवतो: बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा या मुदतीच्या बरीच आत बसते. लग्नानंतर हे काम जमणार नाही, असं धरून चालू नका.

कंपनी टिकेल का

या प्रश्नावर भारताचा इतिहास कठोर आहे. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री उडालं. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लगेच उड्डाणं बंद पडली. विस्तारा चांगली चालली होती, तरी १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. दोन कंपन्यांची एक होते तेव्हा ओसीसीही दोन राहत नाहीत. आणि ज्यांना वाटतं की सरकारी असतं तर प्रश्नच नव्हता, त्यांनी एअर इंडियाकडे पाहावं. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांकडे गेली. अट होती ती वर्षभर कुणाला काढायचं नाही, आणि दुसऱ्या वर्षी कमी करायचे झाल्यास स्वेच्छानिवृत्ती द्यायची. पर्मनंट म्हणून लागलेल्या लोकांनी हे अनुभवलं.

सर्वांत मोठ्या कंपनीतही वारा लागतोच. करोनाच्या काळात जुलै २०२० मध्ये इंडिगोने दहा टक्के माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं होतं. आणि डिसेंबर २०२५ मध्ये पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम व ड्यूट्यांचं वेळापत्रक यांचा मेळ बसला नाही, तेव्हा याच कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. मोठ्या कंपनीत पगार वेळेवर येण्याची शक्यता जास्त, हे खरं. शांतपणा मिळेलच असं नाही.

मग कंपनी बुडाली तर हाती काय येतं? दिवाळखोरी कायद्यात देणी फेडण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रक्रियेचा खर्च आधी निघतो. मग कामगारांची मागच्या २४ महिन्यांची थकबाकी, तीही तारण घेऊन बसलेल्या बँकांच्या बरोबरीने. कायद्याच्या व्याख्येत जे 'कामगार' बसत नाहीत त्या कर्मचाऱ्यांची मागच्या १२ महिन्यांची थकबाकी त्याच्याही नंतर. विमानं बहुधा भाड्याची असतात, त्यामुळे वाटायला मालमत्ता थोडी उरते. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे निधी मात्र या वाटपाच्या बाहेर ठेवलेले आहेत. जेटच्या कर्मचाऱ्यांना पीएफ-ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, असा आदेश अपील न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तारखा पाहा: कंपनी थांबली २०१९ ला. न्याय मिळतो, पण घरचं राशन त्याची वाट पाहत थांबत नाही.

यातून एक सवय लावून घ्या. पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघा. पगार वेळेवर होत असला तरी पीएफ भरायला उशीर होऊ लागला, तर कंपनीच्या हातात पैसा कमी पडतोय हे समजायचं आणि त्याच आठवड्यात दुसरीकडे अर्ज टाकायला लागायचं. गुरुग्राममध्ये दोन ओसीसी शेजारी असण्याचा फायदा अशा वेळी होतो.

संधी किती मोठी

इंडिगोने जून २०२३ मध्ये एकाच वेळी ५०० विमानांची मागणी नोंदवली, एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत ४७० विमानांची घोषणा केली. त्यावरून डिस्पॅचमध्येही हजारो जागा निघतील असं वाटतं, पण तसं होत नाही. पायलट विमानांच्या संख्येबरोबर वाढतात. डिस्पॅचर एका शिफ्टमध्ये अनेक उड्डाणं सांभाळतो आणि सॉफ्टवेअर सुधारलं की आणखी सांभाळतो. त्यामुळे जागा थोड्याच निघतात आणि आत शिरणं अवघड असतं. एकदा आत गेल्यावर वाटा फुटतात त्या ओसीसीमध्येच: ड्यूटी मॅनेजर, मार्गांचं नियोजन, इंधनबचत, विमानाच्या कामगिरीचं इंजिनिअरिंग, नव्या लोकांचं प्रशिक्षण. या वाटा नागपुरात बसून मिळत नाहीत.

ज्यांना विमानक्षेत्रही हवं आणि सरकारी निश्चिंतीही हवी, त्यांनी एटीसी, म्हणजे विमानांच्या ये-जा वर नियंत्रण ठेवायचं काम, पाहावं. ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाची नोकरी आहे. भौतिकशास्त्र-गणित घेतलेले बी.एस्सी.वाले किंवा इंजिनिअर अर्ज करू शकतात, खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा २७ आहे. देशाच्या मधोमध असल्याने नागपूरवरून जाणाऱ्या विमानांची गर्दी मोठी आहे आणि तिथे एटीसीचं मोठं केंद्र आहे. बदली देशात कुठेही होते, परीक्षा कठीण असते. पोलीस भरती किंवा तलाठीसाठी चार वर्षं देणाऱ्या बी.एस्सी.वाल्या पोरांना ही वाट कुणी दाखवतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता घरचा हिशेब

समजा, दिग्रस तालुक्यातली एक मुलगी आहे. बी.एस्सी. झालेली, नागपूर विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये लोड शीट, म्हणजे विमानात भरलेल्या वजनाचा हिशेब, करते. हातात २८,००० येतात. खोली ५,०००, जेवण-जाणं-येणं ८,०००, घरी ८,०००. शिल्लक ७,०००. तिला गुरुग्रामहून ट्रेनी डिस्पॅचरची ऑफर आली, हातात ४२,०००. तिथे खोलीचा वाटा १२,०००, जेवण वगैरे ११,०००, घरी तेच ८,०००, आणि गावी यायच्या खर्चाचे महिन्याला ३,००० धरा. उरले ८,०००. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण चित्र साधारण असंच निघतं: पगार १४,००० नी वाढला आणि शिल्लक वाढली हजार रुपयांनी. पैशासाठी ही उडी घ्यायची नाही. दोन वर्षांनी हातात मान्यता आणि स्वतंत्र शिफ्टचा अनुभव असेल, एवढ्यासाठीच घ्यायची.

दुसरी बाजू तितकीच खरी. नागपूरची नोकरी घराजवळ आहे म्हणून पक्की आहे, असं नाही. लोड शीटचं काम अनेक कंपन्या एका मध्यवर्ती ठिकाणी नेत आहेत आणि ग्राउंड हँडलिंगची कंत्राटं बदलत असतात.

आता राखीव रक्कम काढू. कंपनी बंद पडली तर सहा महिने तग धरता यावा. गुरुग्रामचा खर्च २३,००० आणि घरचे ८,००० मिळून महिन्याचे ३१,०००, सहा महिन्यांचे १,८६,०००. महिन्याला ८,००० शिल्लक टाकून हे जमायला जवळजवळ दोन वर्षं लागतात, आणि बॉण्डही, म्हणजे आधी नोकरी सोडली तर कंपनीला पैसे भरून द्यायचा करार, साधारण तेवढ्याच काळाचा असू शकतो. म्हणजे दोन वर्षं ती उघड्यावर. पण घरच्यांनी पहिलं एक वर्ष ते ८,००० घेतले नाहीत, तर महिन्याला १६,००० पडतात आणि वर्षाच्या आत रक्कम उभी राहते.

हे घरी मागायचं कसं? इथे ते ८,००० कुठे जातात ते बघावं लागेल. आपल्याकडे अशा पैशाचं खरं काम मार्चमध्ये असतं. पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरलं की डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज लागत नाही. चुकलं की खातं थकीत, पुढच्या खरिपाला कर्ज नाही, आणि मग बियाण्यासाठी सावकाराच्या दारात उभं राहणं आलं. मुलीच्या पगारातून हे खातं सुरळीत राहत असेल, तर तिच्या नोकरीचं स्थैर्य तिच्या एकटीचं नाही, सगळ्या वावराचं आहे. बाबांनी "जाऊ नको पोरी" म्हटलं तर त्यांच्या मनात हे असू शकतं, ते तोंडाने म्हणत नसले तरी.

माझं मत विचाराल तर तिने जावं. मात्र मे-जूनमध्ये नाही. तेव्हा बियाणं-खताचा खर्च तोंडावर असतो आणि नव्या नोकरीचा पहिला पूर्ण पगार यायला दीड-दोन महिने लागू शकतात. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर, बाबांसोबत सोसायटीच्या कर्जाचा कागद समोर ठेवून, येणाऱ्या मार्चचा भरणा पिकाच्या पैशातून होतो का ते बघावं. होत असेल तर तारीख ठरवावी. पीक हातचं गेलं असेल तर नागपूरची नोकरी आणखी एक हंगाम धरावी आणि ते ७,००० बाजूला टाकत राहावं. पंचविशीच्या आत एक हंगाम थांबल्याने संधी संपत नाही. घरचं कर्ज थकलं तर ते निस्तरायला मात्र पुढची बरीच वर्षं जातात.

रात्रपाळीचा विचारही आधीच करावा. ओसीसी चोवीस तास चालतं आणि पोळ्याला, दिवाळीला, भावाच्या हळदीला सुट्टी मिळेलच असं नाही. ज्यांना हे सोसवत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये, हे काम सगळ्यांसाठी नाही.

ऑफर लेटर आलं की आधी बॉण्डचं पान वाचा. रक्कम किती, किती महिन्यांसाठी, आणि महिने भरत गेले तशी ती कमी होते का. मूळ मार्कशीट जमा करायला सांगितली तर झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका. मान्यता मिळाली नाही तर काय, ट्रेनी म्हणून किती दिवस ठेवणार, तेही विचारा. आणि कंपनीनेच काढलं किंवा कंपनीच बंद पडली तर बॉण्ड सुटतो का, हे लेखी मागा. उत्तर फोनवर मिळालं, तर त्याच संध्याकाळी "आपण असं सांगितलं, बरोबर ना?" एवढा ई-मेल टाका आणि त्यांचा होकार आल्यावरच सही करा.